वाचकांचे प्रश्न : पीसीओएस, इन्सुलिन आणि बारीक रक्तवाहिन्या

माझी मुलगी २२ वर्षांची आहे, अंगाने सडपातळ. पाळी दोन-दोन महिने येत नाही, हनुवटीवर राठ केस येतात. सोनोग्राफीत पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, अंडाशय आणि संप्रेरकांचा बिघाड; याला पीसीओडीही म्हणतात) निघालं. उपाशीपोटीची साखर ८८, म्हणजे अगदी नॉर्मल. तरी डॉक्टरांनी ‘इन्सुलिन रेझिस्टन्स आहे’ असं लिहिलंय. साखर वाढलेली नसताना हे कसं? — एक आई, कुडाळ

साखर नॉर्मल आहे, पण ती नॉर्मल ठेवायला स्वादुपिंडाला किती इन्सुलिन ओतावं लागतंय हे त्या ८८ आकड्यात दिसत नाही. स्नायू, यकृत आणि चरबीच्या पेशी इन्सुलिनला नीट दाद देईनाशा झाल्या (हाच इन्सुलिन रेझिस्टन्स) की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करतं आणि साखर जागेवर ठेवतं. हे वर्षानुवर्षं चालू शकतं. स्वादुपिंड थकलं की मगच साखर चढते. त्या मधल्या काळात रक्तात इन्सुलिन कायम जास्त असतं, आणि पीसीओएसमधला बराचसा त्रास त्याच्यामुळेच होतो.

स्नायू दाद देत नसले तरी अंडाशय देतात. जास्तीचं इन्सुलिन अंडाशयातल्या पेशींना पुरुषी संप्रेरकं जास्त बनवायला लावतं. शिवाय ही संप्रेरकं बांधून ठेवणारं एसएचबीजी नावाचं प्रथिन यकृतात कमी तयार होतं, त्यामुळे मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं. हनुवटीवरचे केस, मुरुमं, बीज वेळेवर न सुटणं आणि त्यामुळे लांबणारी पाळी, सगळं इथूनच सुरू होतं.

सडपातळ मुलीला हे होत नाही, हा समज मात्र चुकीचा आहे. पीसीओएसमध्ये वजनापासून स्वतंत्र असा इन्सुलिन रेझिस्टन्स असतो हे १९८९ सालीच दाखवलं गेलं. वजन वाढलं की त्यात भर पडते, एवढंच. आपल्याकडे तर कमी वजनातही पोटाच्या आत चरबी साठते. म्हणून भारतीय बायकांसाठी बीएमआयची (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) हद्द २३ धरतात आणि कंबरेची ८० सें.मी. कंबर मोजताना टेप परकराच्या नाडीच्या जागी लावू नका. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर मापा. मानेच्या मागे किंवा काखेत मखमलीसारखा काळपट थर असेल तर तीही जास्त इन्सुलिनची खूण असते. तो मळ नसतो. घासून जात नाही, उलट कातडी जाड होते.

काही लॅब ‘होमा-आयआर’ काढून देतात : उपाशीपोटीचं इन्सुलिन गुणिले साखर, भागिले ४०५. मुलीचं इन्सुलिन समजा १८ आलं, तर १८ × ८८ ÷ ४०५ म्हणजे ३.९. हा आकडा जास्त आहे हे खरं, पण इन्सुलिन मोजायची पद्धत लॅबगणिक वेगळी असते आणि सर्वमान्य सीमारेषा नाही. पीसीओएसवरच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही नेहमीच्या तपासणीत इन्सुलिन मोजायची शिफारस नाही. ते पैसे ग्लुकोज पिऊन करायच्या तपासणीसाठी ठेवा. तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

पीसीओएसमध्ये बारीक रक्तवाहिन्यांवरही परिणाम होतो असं वाचलं. अंडाशयाचा आजार रक्तवाहिन्यांपर्यंत कसा जातो? पुढे हार्ट अटॅकची भीती आहे का? — शिक्षिका, वय २९, रत्नागिरी

आम्हाला वाटतं, हा प्रश्न जास्त लोकांनी विचारायला हवा, कारण इन्सुलिन म्हणजे फक्त साखरेचं संप्रेरक असं आपण धरून चालतो. इन्सुलिन रक्तवाहिन्याही उघडतं.

आपण जेवतो, इन्सुलिन वाढतं, आणि काही मिनिटांतच स्नायूंमधल्या अगदी टोकाच्या धमनिका सैल पडतात. त्यांच्या पुढे केशवाहिन्या असतात. त्या इतक्या अरुंद, की रक्तातली तांबडी पेशी अंग चोरून पुढे सरकते. विश्रांतीत असलेल्या स्नायूत सगळ्या केशवाहिन्यांतून सारखं रक्त वाहत नाही. जेवणानंतर इन्सुलिन त्यातल्या जास्तीत जास्त वाहत्या करतं, म्हणजे साखर आणि खुद्द इन्सुलिन स्नायूच्या पेशीपाशी पोहोचतं. पोफळीच्या बागेत शिंपण करताना पाटाची तोंडं उघडली नाहीत तर विहिरीला कितीही पाणी असलं तरी टोकाची आळी कोरडीच राहतात, तसंच हे.

ही तोंडं उघडायचं काम वाहिनीच्या आतलं अस्तर करतं. ते एकाच पेशीच्या जाडीचं असतं, त्याला एंडोथेलियम म्हणतात. इन्सुलिन त्या पेशीवर बसलं की आत दोन वेगवेगळे निरोप जातात. एका निरोपाने नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार होतो आणि वाहिनी सैल पडते. दुसऱ्या निरोपाने एंडोथेलिन तयार होतं आणि वाहिनी आवळते. तब्येत चांगली असताना पहिला वरचढ असतो. इन्सुलिन रेझिस्टन्समध्ये बिघडतो तो पहिलाच. दुसरा शाबूत राहतो. आता रक्तात इन्सुलिन तर दुप्पट-तिप्पट आहे. ते सैल करायच्या कामी पडत नाही, पण आवळायच्या वाटेवर मात्र जोर लावत राहतं. स्नायूला रक्त कमी पोहोचतं, साखर उचलली जात नाही, स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं. हे चक्र असंच फिरत राहतं. पोटाच्या चरबीतून येणारी मुक्त मेदाम्लं आणि दाह यांनी पहिला निरोप आणखी मंदावतो, आणि वाढलेल्या पुरुषी संप्रेरकांचाही यात हात असावा असं मानलं जातं.

(अस्तर काढलं तर अ‍ॅसिटिलकोलीन या रसायनाने वाहिनी सैल पडत नाही हे रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये दाखवलं. सैल करणारा तो पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हे पुढे सिद्ध झालं, आणि १९९८ चं नोबेल त्यांना लुईस इग्नारो व फरीद मुराद यांच्यासोबत मिळालं. शिकवताना उपयोगी पडेल.)

एक फरक ध्यानात ठेवा. मधुमेहात डोळ्याच्या पडद्याच्या आणि मूत्रपिंडाच्या बारीक वाहिन्या खराब होतात, तेव्हा त्यांची भिंतच बिघडलेली असते आणि त्याला बहुधा वर्षं लागतात. तरुण वयात पीसीओएसमध्ये जे दिसतं ते काम मंदावणं असतं. वाहिनी उघडायला हवी तेवढी उघडत नाही. हे सुधारता येतं, म्हणूनच आत्ता त्याची दखल घ्यायची. पीसीओएसवरचे या विषयातले अभ्यास लहान आहेत, त्यांचे निष्कर्षही सगळे एकसारखे नाहीत, आणि वजनाचा भाग किती व पीसीओएसचा किती हे वेगळं काढणं अवघड जातं. हृदयविकाराचा धोका इतर बायकांपेक्षा जास्त धरायचा, असं २०२३ च्या सूचना सांगतात. मात्र पाळी चालू असण्याच्या वयात हा धोका मुळातच कमी असतो. आज घाबरण्याचं कारण नाही, रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल न तपासता राहण्याचंही नाही.

या बारीक वाहिन्यांची तपासणी कुठे होते? माझे हातपाय गार पडतात, ते यामुळेच का? — वाचक, अलिबाग

संशोधनात दोन पद्धती जास्त वापरतात. पहिलीत कातडीवर रक्ताचा प्रवाह मोजणारी लेझर डॉप्लरची चकती लावतात आणि अगदी सौम्य विजेने अ‍ॅसिटिलकोलीन कातडीत सोडतात. ते अस्तराकडून नायट्रिक ऑक्साइड काढून घेतं. मग सोडियम नायट्रोप्रुसाइड सोडतात, ते अस्तराला वगळून थेट वाहिनीच्या स्नायूवर काम करतं. या दुसऱ्या औषधाने वाहिनी उघडली आणि पहिल्या औषधाने नाही, तर दोष अस्तरात. दुसऱ्या पद्धतीत हातावर पट्टा आवळून ५ मिनिटं रक्त थांबवतात, सोडल्यावर दंडाची धमनी किती रुंदावते ते सोनोग्राफीने मोजतात. ही मात्र मोठ्या वाहिनीची परीक्षा झाली. खोली किती गार आहे, सकाळी चहा घेतला का, पाळीचा कितवा दिवस आहे, यावरसुद्धा आकडे हलतात. म्हणून रोजच्या उपचारासाठी या तपासण्या करत नाहीत. ‘रक्तवाहिन्यांचं वय’ सांगणाऱ्या पॅकेजवर खर्च करू नका.

हातपाय गार पडण्यामागे हिमोग्लोबिन कमी असणं किंवा थायरॉईड मंद असणं जास्त वेळा सापडतं. रक्तपेशींची (सीबीसी) आणि थायरॉईडची (टीएसएच) तपासणी करा. बोटं पांढरी, मग निळी पडत असतील तर डॉक्टरांना दाखवा, तो वेगळा आजार असतो.

आमच्या गावातून लॅब लांब. लॅबवाले म्हणतात एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) पुरे, ग्लुकोज पिऊन दोन तास थांबायची गरज नाही. कोणतं खरं? — वाचक, राजापूर तालुका

पीसीओएससाठी ग्लुकोज पिऊन केलेली तपासणी जास्त भरवशाची. उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी दोन्ही ठीक असताना दोन तासांची साखर वाढलेली सापडते, कारण बिघाड आधी जेवणानंतरच्या कामात दिसतो. वर सांगितलेल्या स्नायूंच्या वाहिन्या तिथेच कमी पडतात. शिवाय एचबीए१सी तांबड्या पेशींवर अवलंबून असतं. लोहाच्या कमतरतेत ते खोटं वाढलेलं येऊ शकतं, आणि नुकताच जास्त रक्तस्राव झाला असेल तर खोटं कमी. दोन महिने थांबून मग पंधरा दिवस अंगावर जाणारी पाळी असेल तर हा आकडा कोणत्या बाजूला झुकेल सांगता येत नाही.

तपासणी नीट व्हायची तर आधीचे तीन दिवस भात-भाकरी नेहमीसारखी खा. ‘उद्या साखर तपासायची’ म्हणून आदल्या दिवसांत भात सोडला तर ग्लुकोजची साखर उलट खोटी वाढते. रात्री जेवून ८ ते १२ तास उपाशी राहा. साधं पाणी चालतं, चहा नाही, मशेरीही नाही. सकाळी उपाशीपोटी रक्त देऊन ७५ ग्रॅम ग्लुकोज २५० ते ३०० मि.ली. पाण्यात विरघळवून ५ मिनिटांत प्यायचं. पुडीवर ‘मोनोहायड्रेट’ लिहिलं असेल तर वजन ८२.५ ग्रॅम हवं. मळमळ होत असेल तर थोडं लिंबू पिळलेलं चालतं. पहिला घोट घेतला ती वेळ लिहून ठेवा, दोन तास तिथून मोजायचे. तोवर बसून राहा. बाजारात चक्कर मारून आलात तर स्नायू साखर उचलतात आणि आकडा खाली येतो. उलटी झाली तर तपासणी बाद, दुसऱ्या दिवशी पुन्हा.

गावाकडून रक्त शहरातल्या लॅबला जातं तिथे आणखी एक गोष्ट बिघडते. रक्तातल्या पेशी नळीतही साखर खात राहतात. साध्या नळीत, उकाड्यात, दर तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर कमी होते. एसटीच्या पार्सलमधून दुपारी पोहोचलेलं रक्त १५० चं १२० दाखवू शकतं. फ्लोराइडच्या, करड्या बुचाच्या नळीतच रक्त घ्यायला सांगा. फ्लोराइडचा परिणामही पूर्ण व्हायला वेळ लागतो, म्हणून जवळच्या जवळ, लवकरात लवकर तपासलं गेलेलं उत्तम. बोटाला टोचून पाहायचं यंत्र निदानासाठी पुरत नाही.

दोन तासांनी १४० च्या आत असेल तर ठीक, १४० ते १९९ म्हणजे मधुमेहाची पूर्वावस्था, २०० किंवा जास्त म्हणजे मधुमेह. त्रास नसेल तर वेगळ्या दिवशी पुन्हा तपासून खात्री करतात. ठीक आली तरी धोक्यानुसार दर १ ते ३ वर्षांनी पुन्हा करायची.

भात बंद करायला सांगितलंय. आमच्याकडे तिन्ही वेळ तांदूळच. आणि आंबा? — वाचक, मालवण

भात बंद करायची गरज नाही. वाढायचा क्रम आणि माप बदला. शिजलेला भात १५० ग्रॅम, म्हणजे एक मध्यम वाटी भरून, यात जवळपास ४० ग्रॅम कर्बोदकं येतात. एका जेवणाला तेवढा पुरे. आधी मासे, उसळ, भाजी खाऊन मग भात घेतला तर साखर सावकाश चढते. उकडा तांदूळ सुरईपेक्षा (न उकडलेल्या तांदळापेक्षा) बरा, पण त्याची मऊ पेज नुसती प्यायली तर फायदा निघून जातो. जितकं शिजून पातळ, तितकं लवकर पचतं. पेजेसोबत मुगाची उसळ किंवा उकडलेली अंडी घ्या. नाचणीचंही तसंच : भाकरी चांगली, गूळ घातलेली आंबील नव्हे. घावणे-आंबोळीसोबत नुसता चहा घेऊ नका, काळ्या वाटाण्याची उसळ हवी.

कुळथाच्या पिठीचं खूप कौतुक होतं, ते योग्यच आहे, पण चार माणसांच्या पातेल्यात चार चमचे पीठ घातलं तर वाट्याला प्रथिनं नावापुरती येतात. कुळीथ मोड आणून उसळ करा. बांगडा आणि तारली म्हणजे आपल्या किनाऱ्याचं देणं. १०० ग्रॅम बांगड्यात सुमारे १९-२० ग्रॅम प्रथिनं, शिवाय ओमेगा-३. रवा लावून तळण्याऐवजी तिखलं करा. सुक्या खाऱ्या मासळीत मीठ फार असतं. रक्तदाब १३०/८० च्या पुढे असेल तर ती रोज नको, आणि खाल तेव्हा दोनदा भिजवून पाणी टाकून द्या. खोबऱ्यावर बंदी नाही. प्रत्येक पदार्थात वाटण आणि वर सोलकढी असं एकाच ताटात नको.

हापूस खा. मध्यम फळाच्या १५० ग्रॅम गरात साधारण २० ग्रॅम साखर असते, ती चालते. जेवणानंतर नको, दुपारी चारला, चहा-बिस्किटाच्या जागी खा. आमरसाच्या दोन वाट्यांत तीन फळं जातात आणि ती पुरीसोबत जातात, ते टाळा. कोकमाचं सरबत साखरेच्या पाकातलं असतं. आगळ, पाणी, मीठ, जिरं एवढ्यावर भागवा.

पावसाळ्यात चार महिने बाहेर चालणं होत नाही. काय करू? वजनही हलत नाही, मग व्यायामाचा उपयोग काय? — वाचक, चिपळूण

काटा हलला नाही तरी उपयोग होतो, आणि या सदरातलं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा. स्नायू आकुंचन पावला की साखर आत घेणारी दारं इन्सुलिनशिवाय उघडतात. रक्ताचा वेग वाढला की तो अस्तराला घासून जातो, आणि त्या घर्षणानेच अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं. इन्सुलिनची जी वाट बंद पडली आहे तिला वळसा घालून हे होतं. लिव्हरपूलच्या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका लहान अभ्यासात पीसीओएस असलेल्या बायकांच्या कातडीतल्या बारीक वाहिन्यांचं काम १६ आठवड्यांच्या व्यायामाने सुधारलेलं दिसलं.

आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम हवा. मध्यम म्हणजे बोलता येतं, गाता येत नाही. पावसात पडवीतल्या पडवीत, प्रत्येक मोठ्या जेवणानंतर १०-१५ मिनिटं चाला. सकाळच्या अर्ध्या तासापेक्षा ती वेळ जेवणानंतरच्या साखरेसाठी कामाची. आठवड्यातून दोन दिवस, सलग नव्हे, ताकदीचा व्यायाम करा. हात न टेकता खुर्चीवरून उठबस १० वेळा, भिंतीला हात लावून दंड १० वेळा, पायरीवर उभं राहून टाचा उचलणं १५ वेळा, असे तीन फेरे. दोन आठवड्यांनी सोपं वाटलं की कडेवर पाण्याची भरलेली कळशी घेऊन उठबस करा. बाजू बदलायला विसरू नका. एकदा केलेल्या व्यायामाचा इन्सुलिनवरचा परिणाम एक-दोन दिवस टिकतो, म्हणून सलग दोन दिवस खाडा नको. लावणीच्या दिवसांत शेतात असाल तर वेगळं चालायची गरज नाही.

मेटफॉर्मिनने जुलाब होतात म्हणून सोडली. पायाला मुंग्याही येत होत्या. — वाचक, देवगड

मेटफॉर्मिन ही इन्सुलिन रेझिस्टन्स कमी करणारी गोळी. जुलाब होतात तेव्हा बहुतेक वेळा सुरुवातीचा डोस मोठा असतो किंवा गोळी उपाशीपोटी घेतलेली असते. ५०० मि.ग्रॅ. रात्रीच्या जेवणाच्या मध्ये घ्यायची, एक-दोन आठवड्यांनी आणखी ५०० वाढवायची, अशी डॉक्टरांशी बोलून पुन्हा सुरुवात करता येते. हळूहळू विरघळणारी गोळी पोटाला सोसते. ती तोडून किंवा चावून घेऊ नका. मुंग्या येत असतील तर बी१२ तपासा, दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेतल्याने ते कमी होतं. शाकाहारी असाल तर आधीच कमी असण्याची शक्यता मोठी. उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी कमी झालं असेल त्या दिवसांत गोळी थांबवून डॉक्टरांना कळवा. आणि हे कोणी सांगत नाही : मेटफॉर्मिनने बीज सुटणं पुन्हा सुरू होऊ शकतं. मूल नको असेल तर ‘मला पीसीओडी आहे’ या भरवशावर राहू नका.

पाळी तीन महिन्यांहून जास्त थांबू देऊ नका. गर्भाशयाचं अस्तर साचत राहणं धोक्याचं असतं. त्यासाठी संप्रेरकांच्या गोळ्या सुरू करायच्या तर आधी रक्तदाब मोजून घ्या, आणि डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा येऊन डोकं दुखत असेल तर ते आवर्जून सांगा. अशा वेळी इस्ट्रोजेनच्या गोळ्या देत नाहीत.

सासूबाईंसोबत मीही मशेरी लावते. सिगारेट थोडीच आहे? — वाचक, वेंगुर्ले

मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. हिरड्यांतून निकोटीन रक्तात जातं, वाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो. जी वाहिनी सैल व्हायला आधीच कमी पडते तिच्यावर रोज दोनदा हा भार कशाला? एकदम सुटत नसेल तर आधी दुपारची बंद करा, मग सकाळची. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्विटलाइनवर मोफत मदत मिळते. पोट साफ होत नाही ही पहिल्या आठवड्याची तक्रार असते. रात्री भिजवलेले मनुके आणि सकाळी दोन भांडी कोमट पाणी घ्या.

लग्नाला दोन वर्षं झाली, आता मूल हवंय. पीसीओएस असताना काय काळजी घ्यायची? — वाचक, दापोली

गरोदर राहण्याआधीच ग्लुकोजची तपासणी आणि रक्तदाब करून घ्या, फॉलिक अ‍ॅसिड सुरू करा. बीज सुटण्यासाठी आता पहिल्यांदा लेट्रोझोल ही गोळी देतात. केसांसाठी स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर ते आधी बंद व्हायला हवं, वाढत्या मुलग्याच्या गर्भाला त्याचा अपाय होऊ शकतो.

दिवस राहिल्यावर गर्भावस्थेतला मधुमेह आणि रक्तदाब या दोन्हींचा धोका पीसीओएसमध्ये जास्त असतो. आधी तपासणी झाली नसेल तर दवाखान्याच्या पहिल्याच भेटीत, आणि सर्वांनीच २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा साखर तपासायची. सरकारी दवाखान्यात उपाशी नसतानाही ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांची साखर पाहतात; १४० किंवा जास्त आली तर उपचार सुरू होतात. प्रत्येक भेटीत रक्तदाब मोजला जातोय ना ते पाहा. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा, लहान पट्ट्याने आकडा खोटा वाढतो. डोकं सणकून दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर एकाएकी सूज, असं काही झालं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा.

गरोदरपणात साखर वाढली असेल तर बाळंतपणानंतर ६ ते १२ आठवड्यांत पुन्हा ग्लुकोजची तपासणी लागते, आणि बाळाच्या गडबडीत नेमकी हीच राहून जाते. दीड महिन्याच्या लसीसाठी बाळाला न्यायचं असतंच. त्याच सकाळी उपाशीपोटी निघा, डबा सोबत ठेवा, आणि बाळाला धरायला घरातलं कोणीतरी बरोबर घ्या.